दाढ काढण्याआधी

चेहरा वारंवार दुखू लागला की माणूस बहुधा सगळ्यात आधी दाताच्या डॉक्टरांकडे येतो, आणि ते योग्यच आहे. गाल, हिरडी, जबडा दुखण्याचं नेहमीचं कारण दातच असतं. प्रश्न उरलेल्यांचा आहे. त्यांचे दात तपासणीत चांगले निघतात, तरी दुखणं काही थांबत नाही. मग कुणी सायनस सांगतं, कुणी नस दबली म्हणतं, कुणी टेन्शन. या फिरण्यात महिनेच्या महिने जातात आणि मधल्या काळात एखाद-दुसरी धडधाकट दाढ गेलेली असते. दंतवैद्य म्हणून मला हे फार लागतं. काढलेली दाढ परत बसत नाही, आणि दुखणं तिचं नव्हतंच हे नंतर कळून उपयोग नसतो.

असा घोळ होतो त्याला शरीराची रचनाच कारणीभूत आहे. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला ट्रायजेमिनल नावाची एक मोठी नस आहे. तिची पहिली फांदी कपाळ आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालचा जबडा, खालचे दात, हनुवटी आणि कानापुढच्या भागाकडे. दात, सायनस, जबड्याचा सांधा, डोळा या सगळ्यांची दुखण्याची खबर याच एका नसेतून मेंदूकडे जाते. त्यामुळे खबर नेमकी कुठून आली हे ओळखताना मेंदूची गल्लत होते. खालची दाढ किडलेली असते आणि दुखतो कान. वरची दाढ सुजलेली असते आणि ठणका कानशिलात लागतो. दुखतं ती जागा आणि दुखण्याचं मूळ या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे पेशंटनं आणि डॉक्टरनं दोघांनीही धरून चालायला हवं.

आधी कागद-पेन घ्या

चेहऱ्याच्या दुखण्याचं निदान बहुतांशी पेशंटच्या सांगण्यावर होतं. एक्स-रे आणि एमआरआय त्यानंतर येतात. पण दवाखान्यात शिरल्यावर बहुतेक जण एवढंच सांगतात, ‘‘डॉक्टर, खूप दुखतं.’’ किती दुखतं याचा निदानाला फारसा उपयोग होत नाही. कसं, कधी, किती वेळ, कशानं, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून अपॉइंटमेंटच्या आधी आठवडाभर वहीत नोंद ठेवा. नोंद अशी असावी: ‘मंगळवार, सकाळी सात. दात घासताना. उजव्या नाकपुडीशेजारी. सणक, दोन-तीन सेकंद, लागोपाठ पाच-सहा वेळा. नंतर जेवणापर्यंत काही नाही.’ एवढ्या पाच ओळींवरून जाणकार डॉक्टर निदानाच्या बराच जवळ पोचतो.

सगळ्यात महत्त्वाची नोंद एकेका कळेच्या वेळेची. ‘सहा महिने दुखतंय’ हे ठीक, पण एकदा सुरू झालं की किती वेळ टिकतं? काही सेकंदांची सणक बहुधा नसेची असते. पंधरा मिनिटं ते तीन तास डोळ्याभोवती भयंकर दुखून थांबत असेल तर क्लस्टर डोकेदुखी आठवावी लागते. चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालणारं दुखणं अर्धशिशीच्या घरचं. दिवसभर मंद, ओढल्यासारखं दुखत राहिलं तर स्नायू आणि जबड्याचा सांधा आधी तपासायचा. हे नियम पक्के नाहीत, पण सुरुवात करायला यांच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही.

बाकीच्या नोंदी याच ओघात कराव्या. एका बोटानं जागा दाखवता येते की तळहात फिरवावा लागतो? थंड पाण्यानं, चावल्यानं, वाऱ्यानं, वाकल्यानं, जिना चढल्यानं वाढतं का? झोपेतून उठवतं का? सोबत डोळ्यातून पाणी, मळमळ, नाक चोंदणं, बधिरपणा असं काही येतं का? आणि कुठली गोळी, महिन्यातून किती दिवस? या शेवटच्या प्रश्नाला पेशंट हमखास बगल देतात. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळीमुळेच डोकं दुखत राहण्याचा वेगळा आजार जडतो, विशेषतः ज्याला मुळात अर्धशिशी आहे त्याला. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्याही सांगा. कुणी रागावणार नाही.

दात आहे की नाही, हे कसं ठरतं

दाताच्या आतल्या नसेला सूज आली की थंड किंवा गरम लागल्यावर कळ येते आणि पाणी गिळून झाल्यावरही ती रेंगाळते. रात्री आडवं झालं की ठणका वाढतो. या टप्प्यावर पेशंटला नेमका दात सांगता येत नाही, कधीकधी वरचा की खालचा हेही कळत नाही. सूज मुळाच्या टोकाबाहेर आली की मात्र तो दात चावताना बरोबर दुखतो आणि ठोकून पाहिल्यावर लगेच सापडतो. दाढेला बारीक चीर गेली असेल तर दुखण्याची तऱ्हा आणखी वेगळी असते. चावताना ठीक वाटतं, दाब सोडताना चमक येते. अशी चीर एक्स-रेत बहुधा दिसत नाही, एकेका टोकावर चावायला देऊन ती शोधावी लागते.

म्हणून दातावर बोट ठेवण्याआधी डॉक्टरनं चार गोष्टी केलेल्या असाव्यात: संशयित दात आणि त्याच्या शेजारचे दात ठोकून पाहणं, थंडाची चाचणी, हिरडीची खोली मोजणं आणि त्या भागाचा छोटा एक्स-रे. यांतल्या कशातही दोष सापडला नाही तर रूट कॅनल करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. ‘करून बघू’ म्हणून रूट कॅनल करायचं नसतं. रूट कॅनल व्यवस्थित होऊनही तीच कळ तशीच राहिली तर शेजारची दाढ उघडण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. ‘डॉक्टर, याच दातात दोष आहे हे तुम्हाला कशात दिसलं?’ हा प्रश्न नम्रपणे विचारण्याचा हक्क प्रत्येक पेशंटला आहे.

इंजेक्शन देऊन जागा बधिर केली आणि दुखणं थांबलं, म्हणजे दातच कारण, असा निष्कर्षही घाईनं काढू नये. नसेच्या आजारातही कळ सुरू करणारी जागा बधिर केली की तेवढ्यापुरतं दुखणं थांबतं.

नसेची सणक

अशा एका पेशंटचं उदाहरण सांगतो. साठीच्या पुढच्या एक बाई मुलाबरोबर आल्या. खुर्चीत बसल्या बसल्या पदर उजव्या गालावर ओढून घेतला आणि ओठ जेमतेम हलवत म्हणाल्या, ‘‘पंखा तेवढा बंद करता का?’’ ‘‘कुठं दुखतं मावशी?’’ असं विचारल्यावर त्यांनी बोट गालाजवळ नेलं आणि इंचभर अंतरावर थांबवलं. ‘‘हात नाही लावत. लागला की करंट मारतो.’’ उजवीकडच्या वरच्या तीन दाढा आधीच काढलेल्या होत्या. त्या बाजूचे उरलेले दात न घासल्यानं कीट चढलेलं, कारण ब्रश लागला की सणक. डाव्या बाजूचे दात मात्र स्वच्छ. इतकं पाहिल्यावर निदान जवळजवळ झालंच होतं.

हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. विजेचा झटका बसावा तशी सणक, चेहऱ्याच्या एकाच बाजूला, सेकंदभर ते फार तर दोन मिनिटं. तोंड धुणं, दाढी करणं, बोलणं, घास चावणं, नुसती वाऱ्याची झुळूक, एवढ्यानंही ती सुरू होते. दोन झटक्यांच्या मध्ये बहुधा काही दुखत नाही. झोपेत सहसा त्रास होत नाही, आणि रात्री ठणकणाऱ्या दाढेपासून वेगळं ओळखण्याची ही एक चांगली खूण आहे. आजार बहुतेक करून पन्नाशीनंतर होतो, बायकांत जास्त, आणि गाल व खालचा जबडा या दोन फांद्यांत जास्त. म्हणूनच तो दाताचा वाटतो. बऱ्याच जणांत मेंदूतून नस बाहेर पडते तिथे एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकलेली असते. वायरचं वेष्टण घासून गेल्यावर ठिणगी उडावी, तसं त्या जागी होतं.

हा आजार मध्येच काही आठवडे, काही महिने आपणहून थांबतो, आणि इथेच सगळ्यांची फसगत होते. दाढ काढली आणि योगायोगानं त्याच सुमारास सणक थांबली, तर सगळ्यांना वाटतं की दाढच होती. चार महिन्यांनी सणक परत आली की साहजिकच बोट पुढच्या दाढेकडे जातं. त्या मावशींच्या तीन दाढा अशाच गेल्या. शेवटचा उपाय लागू पडला असं दिसणं म्हणजे निदान बरोबर होतं असं नाही, हे या आजारात सतत लक्षात ठेवावं लागतं.

संशय आला की न्यूरॉलॉजिस्टला गाठावं. नसेवर गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरॉसिससारखं दुसरं कारण नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय एकदा करून घ्यावा. वय चाळिशीच्या आत असेल, दोन्ही बाजूंना दुखत असेल, गाल बधिर झाला असेल किंवा त्या बाजूला कमी ऐकू येत असेल, तर तो टाळूच नये. पहिलं औषध बहुधा कार्बामाझेपिन, फिटसाठी देतात तेच. 1962 साली ते या दुखण्यावर लागू पडतं असं प्रसिद्ध झालं आणि आजही पहिला मान त्याचाच आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या इथे जवळपास निरुपयोगी ठरतात आणि हे औषध काही दिवसांत फरक दाखवतं, यावरूनही निदानाला बळ मिळतं. डोस कमी ठेवून हळूहळू वाढवतात. सुरुवातीला झोप येते, तोल जातो; वयस्कर माणसांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून रक्ततपासणी सांगितली तर चुकवू नका. अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, ताप आला तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण क्वचित ही प्रतिक्रिया जिवावर बेतते. रक्त पातळ करणाऱ्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. औषधानं भागलं नाही तर रक्तवाहिनी नसेपासून दूर करण्याची शस्त्रक्रिया आहे, सुईनं किंवा किरणांनी करायचे उपायही आहेत. ‘याला इलाज नाही’ हे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

‘मला सायनस आहे’

आपल्याकडे गाल आणि कपाळ दुखलं की घरात ठरूनच जातं: सायनस. वाफ, बाम, अँटिबायोटिकचा कोर्स, पुन्हा कोर्स. 2004 साली अमेरिकेत ‘सायनसची डोकेदुखी’ हे लेबल असलेल्या सुमारे तीन हजार लोकांची तपासणी प्रसिद्ध झाली, आणि त्यांतल्या 88 टक्क्यांचं दुखणं अर्धशिशीच्या प्रकारात मोडणारं निघालं. अर्धशिशीत नाक चोंदतं, नाकाडोळ्यांतून पाणी येतं, गाल जड होतो, कारण नस तीच. म्हणून फक्त नाक वाहतं यावरून सायनस म्हणू नये.

सायनसच्या खऱ्या जंतुसंसर्गात सर्दीच्या पाठोपाठ घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो, वास कमी होतो, ताप असू शकतो. त्रास दहा दिवसांच्या पुढे रेंगाळतो, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा वाढतो. याउलट दर महिन्याला, पाळीच्या सुमारास, जागरणानंतर, उपासाच्या दिवशी किंवा उन्हातून आल्यावर दुखत असेल, मळमळत असेल, उजेड नको वाटत असेल, अंधार करून पडून राहावंसं वाटत असेल, तर ती अर्धशिशी असण्याचीच शक्यता जास्त. तिची औषधं वेगळी आहेत आणि चांगली आहेत. सायनसच्या नावाखाली खाल्लेल्या अँटिबायोटिक्सनी तिला काहीच होत नाही.

सायनस आणि दात यांचं खरं नातंही आहे. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या तळाला लागून असतात. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येत असेल तर वरची दाढ तपासल्याशिवाय सायनसचं ऑपरेशन ठरवू नका.

जबडा, आणि तीन बोटं

सकाळी उठल्यावर गालफडं अवघडलेली, कानापुढे दुखतंय, तोंड उघडताना कट्ट असा आवाज, जांभई देताना कळ: हा जबड्याच्या सांध्याचा आणि चावण्याच्या स्नायूंचा त्रास. परीक्षेच्या दिवसांतली मुलं, झोपेत दात खाणारी माणसं, दिवसभर दातावर दात दाबून स्क्रीनसमोर बसणारे, यांच्यात तो सारखा दिसतो. कान दुखतो म्हणून नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जावं आणि कान स्वच्छ निघावा, असं यांचं बहुधा झालेलं असतं. ओठ मिटलेले पण दात एकमेकांपासून सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. दिवसातून अनेकदा ती आठवून पाहा. काही आठवडे मऊ जेवण, कोमट शेक, च्युइंगम आणि नखं खाणं बंद, एवढ्यानं बरेच जण सुधारतात. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, तर काहीच करावं लागत नाही. दात घासून चाव बदलण्याचे कायमचे उपाय मात्र घाईत स्वीकारू नका.

आता आरशासमोर उभं राहून स्वतःची तीन बोटं उभी करून दातांच्या मध्ये घालून पाहा. जात नसतील आणि तुम्ही सुपारी, गुटखा, मावा, खर्रा खात असाल, तर हा विषय वेगळा आणि गंभीर आहे. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, तिखट लागताच आग होते, तोंड उघडणं कमी होतं. यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी आणि खर्रा कोपऱ्यावर मिळतातच. मिश्री लावणाऱ्या बायकांनाही तंबाखूचा धोका तेवढाच. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कारणाशिवाय हलणारा दात, खालच्या ओठाला आलेला बधिरपणा, यांतलं काहीही असेल तर दुखण्याची वाट पाहू नका. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

बाकीची कारणं भराभर सांगतो. जेवायला बसलं की जबड्याखाली गोळा येऊन दुखणं म्हणजे लाळेच्या नळीतला खडा. एका बाजूला कपाळावर आग आणि दोन-चार दिवसांनी पाण्याचे फोड म्हणजे नागीण. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर उत्तम, आणि नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्यांचे डॉक्टर त्याच दिवशी. ठरावीक वेळी, बऱ्याचदा मध्यरात्री, एका डोळ्यामागे असह्य दुखणं, डोळा लाल, पाणी, आणि माणूस पडून न राहता येरझाऱ्या घालतो, ही क्लस्टर डोकेदुखी. तिला मास्कनं भरपूर ऑक्सिजन देतात. चाळिशी-पन्नाशीनंतर जिभेची सतत आग होत असेल तर बी-12, लोह आणि साखर आधी तपासा.

ज्यासाठी थांबायचं नाही

चालताना, जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की दुखायचा थांबतो, हे हृदयाचं दुखणं असू शकतं. घाम, धाप, छातीत दडपण सोबत असेल तर दाताचा दवाखाना सोडा आणि 108 ला फोन करा. पन्नाशीनंतर नव्यानं कानशील दुखणं, केस विंचरताना टाळू हुळहुळणं, चावताना जबडा थकून दुखणं, नजर अंधुक होणं, हा रक्तवाहिनीच्या सुजेचा आजार; आपल्याकडे कमी, पण उपचाराला उशीर झाला तर नजर जाते. लाल डोळा, दिव्याभोवती वलयं आणि उलटी म्हणजे डोळ्यातला दाब अचानक वाढला असण्याची शक्यता. जबड्याखाली सूज, ताप, गिळायला किंवा श्वासाला त्रास असेल तर रात्र काढू नका. मधुमेह असताना गाल दुखणं आणि बधिर होणं, नाकातून काळसर स्राव, टाळूवर काळा डाग, दात एकदम हलू लागणं ही म्युकरमायकोसिसची लक्षणं आहेत. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात या बुरशीपायी अनेकांचे वरचे जबडे काढावे लागले. ती बुरशी कोविडच्या आधीही होती आणि आजही आहे.

रिपोर्ट नॉर्मल आले तर

तपासण्यांबद्दल एक सावधगिरी. सीटी स्कॅनमध्ये सायनसचं अस्तर थोडं जाड दिसणं, एमआरआयमध्ये नसेजवळ रक्तवाहिनी दिसणं, हे काहीही न दुखणाऱ्या माणसांतही सापडतं. रिपोर्टातला शब्द तुमच्या दुखण्याच्या वर्णनाशी जुळला तरच त्याला अर्थ.

आणि कधीकधी सगळं नॉर्मल येतं, तरी गाल रोज तासन्‌तास दुखत राहतो. या प्रकारालाही नाव आहे, निकष आहेत, उपचार आहेत. इथे घरच्यांनी ‘काही निघालं नाही, मनाचे खेळ आहेत’ म्हणू नये. त्या माणसाला दुखतंय हे खरं आहे. डॉक्टर अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी थोड्या डोसमध्ये देतील. ती नैराश्याची गोळी आहे असं इंटरनेटवर वाचून लोक ती परस्पर बंद करतात. नसेच्या दुखण्यावर ती याच थोड्या डोसमध्ये वापरतात आणि फरक पडायला काही आठवडे जावे लागतात. अशा वेळी नवी दाढ काढणं, नवं ऑपरेशन करणं यानं दुखणं वाढण्याचीच भीती असते.

नेमकं कुठे दाखवावं हे कळत नसेल तर दंत महाविद्यालयाच्या ओरल मेडिसिन विभागात जा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. जाताना नोंदींची वही, आतापर्यंतचे सगळे एक्स-रे, कुठला दात कधी काढला त्याच्या तारखा आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आणि कळेची वेळ टळावी म्हणून सकाळची गोळी दुप्पट करून जाऊ नका. कळ डॉक्टरांसमोर आली तर तपासणी सोपी होते.